काचेच्या धडाची कुळकथा

मारुंजीत पत्र्याची शेड भाड्याने घेऊन कुणी ग्लायडरच्या प्रतिकृतीसाठी फायबरग्लासचा साचा करायला बसला, तर सामानासाठी त्याला लांब जावं लागत नाही. रेझिन, हार्डनर, मॅट, जेलकोट, मेण सगळं पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मिळतं. बसचे दर्शनी भाग आणि पाण्याच्या टाक्या करणारे हात हेच सामान रोज वापरतात. काचेचा धागाही इथलाच म्हणता येईल, तळोज्याला त्याचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे हे तंत्र मोटारींच्या मागोमाग आलं असावं असा समज सहज होतो. मोटारींनी आणि होड्यांनी फायबरग्लासचे साचे ग्लायडरच्या आधी वापरले, हे खरंच आहे. पण साच्यातून निघालेला पृष्ठभाग हवेच्या कसोटीला उतरलाच पाहिजे, हा हट्ट ग्लायडरवाल्यांचा. प्रतिकृतीचा साचा त्या हट्टाचा वारस आहे.

या घराण्याचे दोन्ही पूर्वज विमानाच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नव्हते. 1932 मध्ये अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना सांधण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. सांधा राहिला बाजूला. गेम्स स्लेटरने त्या तंतूंचं उत्पादन मार्गी लावलं आणि 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. तळोज्याचा कारखाना याच कंपनीच्या नावाने सुरू झाला. दुसरा पूर्वज इपॉक्सी. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान हा रसायनशास्त्रज्ञ कवळ्यांसाठी रेझिन शोधत होता. दातांच्या धंद्यात ते फारसं चाललं नाही, सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि 1946 मध्ये ते अरल्डाइट या नावाने लोकांपुढे आलं. तुटलेली कपबशी चिकटवायला आपल्या घरात जी दोन ट्यूबांची जोडी असते, तिचं आजोळ हे असं दंतवैद्यकातलं आहे.

या धाग्याला पंख फुटले श्टुटगार्टमध्ये. तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या उड्डाणगटात, म्हणजे आकाफ्लीगमध्ये, हेरमान नेगेले आणि गणिती रिशार्ड एप्लर यांनी 1951 च्या सुमारास एका नव्या ग्लायडरचा आराखडा मांडायला घेतला. अडचण लाकडाची होती. एप्लरच्या पंखछेदावरून हवा न विस्कटता सरकायची, तर पृष्ठभाग अगदी सलग हवा. मिलिमीटरच्या अंशाएवढी लाट आली तरी गणित फसतं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि आतल्या फासळ्यांच्या खुणा वर दाखवतं. बाल्सा आणि कागद वापरायचा मूळ बेत त्यांनी सोडला. बाल्साच्या दोन्ही बाजूंना काचेचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन, आणि हे सगळं पोकळ साच्याच्या आतल्या अंगाला थापायचं, असं ठरलं. यातली खरी युक्ती काचेपेक्षा साच्याची आहे. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचाच नाही, तो गुळगुळीत जन्माला घालायचा. 27 नोव्हेंबर 1957 रोजी ‘एफएस-24 फिनिक्स’ उडालं. सोळा मीटर पंखविस्ताराचं हे जगातलं पहिलं फायबरग्लासचं ग्लायडर. पुढे ऑयगेन हेन्ले यांच्या ग्लासफ्ल्यूगेल कंपनीची लिबेले आली आणि साठच्या दशकात लाकडी ग्लायडरं स्पर्धांमधून मागे पडली.

आपल्याकडे त्याच काळात नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात, सुरुवातीला एस. राममृतम यांच्या हाताखाली, ग्लायडरं आखली जात होती. नावं नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आणि 1979 मध्ये आर्द्रा. बांधणी मुख्यतः लाकडी. 1972 मध्येच जर्मन विद्यार्थी कार्बन तंतूपर्यंत पोचले होते, म्हणून याला कुणी मागासलेपणा म्हणेल. मला ते पटत नाही. शिकाऊ पोरांच्या हातून आपटणारं ग्लायडर गावच्या सुतारालाही कळेल अशा सामानाचं असणं हा शहाणपणा होता. काचेचं विमान देशात रुजलं ते नंतर, बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘हंसा’बरोबर. ते 1993 मध्ये उडालं.

आता प्रतिकृतीकडे. रोहिणीची हुबेहूब प्रतिकृती करायची तर फासळ्या, प्लायवूड, कापड हाच मार्ग. तिथे साच्याचं काम नाही. लिबेलेची गोष्ट वेगळी. मूळ विमान साच्यातून निघालेलं, प्रतिकृतीही तशाच साच्यातून निघते, टप्पेसुद्धा तेच. लहान रूप मोठ्याच्याच पद्धतीने जन्माला यावं, हे प्रतिकृतींच्या जगात फार कमी वेळा घडतं.

एक चतुर्थांश मापाच्या लिबेलेचं धड साधारण दीड मीटरचं. आधी त्याचा भरीव नमुना, म्हणजे प्लग. फोमला किंवा लाकडाला आकार द्यायचा, वर कापड-रेझिन, पुट्टी, प्रायमर आणि मग पाण्यातला पॉलिश पेपर. वेळ खाते ती ही पायरी. साचा दोन-तीन दिवसांत होतो, प्लग महिने घेतो. घाई करणाऱ्याला साचा माफ करत नाही, कारण प्लगवरची बोटाएवढी खळगी साच्यात उतरते आणि मग प्रत्येक धडावर उगवते.

प्लगवर मधोमध उभी विभाजनरेषा आखायची. त्याच्या भोवती फळी बसवून फट क्लेने बुजवायची, मेणाचे हात द्यायचे, वर साचा सुटावा म्हणून पीव्हीएचा पातळ पापुद्रा. मग जेलकोट, म्हणजे साच्याचा दर्शनी पृष्ठभाग होणारा रेझिनचा थर. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका आळला की पहिलं पातळ कापड, त्यानंतर मॅटचे थर. अर्धा भाग कडक झाला की फळी काढून दुसरा अर्धा त्याच्याच कडेवर ओढायचा. पेणच्या गणपतीला सोंडेमुळे आणि हातांमुळे रबराचा साचा लागतो. ग्लायडरच्या धडाचा साचा मधल्या रेषेवर दुभागला की कुठेच अडत नाही, म्हणून कडक साचा चालतो. अडलं तर शेपटीच्या उभ्या पंखाशी अडतं.

मारुंजीच्या हवेचंही ऐकावं लागतं. पावसाळ्यात पीव्हीए वाळता वाळत नाही, इपॉक्सीवर मेणचट साय धरते. मे महिन्यात कालवलेलं रेझिन भांड्यातच तापून दगड होतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं. पॉलिएस्टर वापरणाऱ्याने आळण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावं, कॅटॅलिस्ट त्यानंतर. ही दोन एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो. घासताना मास्क हवाच.

साचा तयार झाला की तो मित्रांना द्यावा, एका साच्यातून पुष्कळ धडं निघतात. मात्र काम झाल्यावर दोन्ही भाग बोल्ट घालून बंद करून आडवेच ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेला साचा उन्हाळ्यात पिळतो, आणि पिळलेल्या साच्यातून सरळ धड निघत नाही.