पंसुकूल आणि प्रेतवस्त्र

बुद्धिप्रामाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या प्रश्नांभोवती फिरत राहते. ईश्वराने जग निर्माण केले काय, आत्मा नित्य आहे काय, यज्ञाने व नदीस्नानाने पाप धुतले जाते काय, या प्रश्नांना तथागतांनी दिलेली उत्तरे आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेत. कालामसुत्ताचा उल्लेख झाल्याशिवाय आमची एकही धम्मपरिषद पार पडत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि सामान्य मनुष्याचे जीवन या प्रश्नांनी दिवसभर व्यापलेले नसते. तो सकाळी उठतो, अंग धुतो, वस्त्र नेसतो आणि कामाला लागतो. एखाद्या विचाराने समाजात खरोखर मूळ धरले की नाही, हे पाहावयाचे असेल तर या साध्या व्यवहारांकडेच पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ वस्त्राचा विचार करणार आहोत. प्राचीन भारतात कोणी काय नेसावे याचे नियम दोन परंपरांनी केले. त्या नियमांमागे कोणते कारण दिले गेले, एवढाच प्रश्न आम्ही त्यांना विचारू इच्छितो.

प्रथम मनुस्मृती पाहू. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांची राहणी ठरवून दिलेली आहे. त्यांनी गावाबाहेर राहावे, कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे अलंकार घालावेत आणि मृतांच्या अंगावरची वस्त्रे नेसावीत, असा तो दंडक आहे. तेथे कारण कोणते दिले आहे? थंडीचे नाही, उन्हाचे नाही, स्वच्छतेचेही नाही. त्या मनुष्याचा जन्म हेच एकमेव कारण. वस्त्राने त्याचे संरक्षण व्हावे हा हेतूच तेथे नाही. त्याला दुरून ओळखता यावे हा हेतू आहे.

आता गंमत अशी की, प्रेताचे वस्त्र बौद्ध परंपरेतही आहे. प्रारंभीच्या काळात भिक्खू पंसुकूल चीवर वापरीत. पंसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेले वस्त्र. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की चांडाळाचे आणि भिक्खूचे वस्त्र एकाच ठिकाणाहून आले. वस्त्र एकच होते हे खरे. परंतु त्या वस्त्राचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

भिक्खूने ते स्वतः निवडले. क्षत्रिय कुळातून, ब्राह्मण कुळातून, न्हाव्याच्या वा भंगी कामाच्या व्यवसायातून संघात आलेल्या सर्वांनी तेच वस्त्र स्वीकारले. म्हणजे ते जन्माची खूण उरले नाही. ते धुतले गेले, कापले गेले, शिवले गेले, रंगविले गेले. महावग्गाच्या पहिल्या खंधकात उरुवेलेच्या प्रसंगी तथागतांना एक पंसुकूल मिळाल्याची कथा आहे. कथेला पुढे चमत्काराची पुटे चढली आहेत, इंद्र येऊन तलाव खणतो वगैरे. ती पुटे बाजूला केली तर खाली एक अगदी गृहस्थी प्रश्न उरतो : हे वस्त्र मी कोठे धुवू, कशावर चोळू, कशावर वाळत घालू? मृताचे वस्त्र नेसावयास लावणाऱ्या स्मृतिकाराला ते धुण्याची चिंता कधी पडलेली दिसत नाही.

पुढे पंसुकूलाचीही सक्ती राहिली नाही. वैद्य जीवक कोमारभच्च यास उज्जेनीच्या पज्जोत राजाकडून सिवेय्यक वस्त्रांची बहुमोल जोडी मिळाली होती. ती त्याने तथागतांना अर्पण केली आणि संघाला गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची अनुमती मागितली. तथागतांनी ती दिली. ज्याला पंसुकूल हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्याला गृहस्थाने दिलेले चीवर हवे त्याने ते घ्यावे, असा निर्णय झाला. चिंध्यांचे स्तोम माजविणे त्यांना मान्य नव्हते.

महावग्गाचा आठवा खंधक, ज्यास चीवरक्खंधक म्हणतात, तो आमच्या मते या विषयावरचा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. विनयपिटक हे रुक्ष नियमांचे पुस्तक, असा एक समज आहे. ज्यांनी हा खंधक वाचला असेल त्यांचा तो समज टिकणार नाही. त्यातील एक प्रसंग असा. राजगृहाहून वेसालीकडे जाताना भिक्खू चीवरांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर लादून चालले आहेत, असे तथागतांना दिसले. इतकी वस्त्रे कशासाठी? मर्यादा घालावयास हवी हे उघड होते. पण किती? येथे त्यांनी कोणत्याही शास्त्राचा आधार घेतला नाही. वेसालीच्या गोतमक चैत्यात ऐन हिवाळ्याच्या, हिम पडण्याच्या रात्री ते उघड्यावर एका वस्त्रानिशी बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली तेव्हा दुसरे वस्त्र घेतले, मधला प्रहर सरल्यावर तिसरे, आणि शेवटचा प्रहर सरून तांबडे फुटताना चौथे. मग थंडी वाजली नाही. यावरून त्यांनी तीन चीवरे ठरविली : दुपदरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. दुपदरी संघाटीचे दोन पदर मोजले म्हणजे एकूण चार पदर होतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. रात्री जेवढे लागले तेवढेच नियमात आले. एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. शिवाय जे थंडीने लवकर कुडकुडतात अशा कुलपुत्रांचाही विचार तेथे बोलून दाखविला आहे. नियम करणाऱ्याने आधी स्वतःच्या शरीरावर तो पडताळून पाहिला, असे उदाहरण प्राचीन धर्मशास्त्रांत आम्हांस दुसरे आढळले नाही.

चीवराच्या ठिगळांची कथा तर सर्वश्रुत आहे. दक्खिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. बांध घातलेली, पट्ट्यापट्ट्यांची, चौकटीचौकटींची. अशी चीवरे करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने ती करून दाखविली आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. कापून जोडलेल्या वस्त्राला बाजारात मोल राहत नाही, म्हणून त्याचा कोणाला लोभ सुटत नाही, हे कारणही तेथे नोंदले आहे. नमुना देवलोकातून आणला नाही. तो कुणब्याच्या शेतातून आणला.

रंगाचेही तसेच. भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने वस्त्रे रंगवीत, ती विद्रूप दिसत. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगद्रव्यांची अनुमती मिळाली. रंग कच्चा राहिला तर वस्त्राला वास येई, म्हणून तो शिजवावा असे ठरले. शिजला की नाही हे कसे कळावे? त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा! ज्या ग्रंथात निब्बाणाचा मार्ग सांगितला आहे त्याच पिटकात हे नखावरच्या थेंबाचे प्रयोगशास्त्र जपून ठेवावेसे संघाला वाटले, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

याच खंधकात एक नग्न भिक्खू येतो. नग्नतेने अल्पेच्छता वाढते, तिची अनुमती द्यावी, असे तो म्हणतो. तथागत त्याला स्पष्ट नकार देतात. कोणी कुशगवताची, कोणी वल्कलाची, कोणी केसांच्या कांबळ्याची वस्त्रे मागतो. त्यांनाही नकार मिळतो. देहदंडाने शुद्धी होत नाही हे त्यांचे मत वस्त्राच्या बाबतीत असे उतरले. दुसऱ्या टोकाला, भडक निळी, पिवळी, तांबडी चीवरे वापरणाऱ्यांनाही त्यांनी रोखले. विशाखेने वर्षासाटिकेचे दान मागून घेतले तेव्हा आपल्या मागणीचा लाभ तिला सांगावा लागला. पावसात उघड्याने भिजणारे भिक्खू पाहून तिच्या दासीला ते आजीवक वाटले होते, आणि अचिरवतीवर उघड्याने स्नान करणाऱ्या भिक्खुणींची गणिकांनी थट्टा केली होती. तिने कारण सांगितले आणि भिक्खूंना पावसाळी वस्त्र व भिक्खुणींना स्नानवस्त्र मिळाले.

येथे एक शंका प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. विनयातील कितीतरी नियम लोक नावे ठेवू लागले म्हणून झालेले आहेत. लोकनिंदा हे विवेकाचे कारण मानावयाचे काय? आमच्या मते सर्वत्र नाही. भिक्षेवर जगणाऱ्या संघाला लोकांचा विश्वास सांभाळणे भाग होते, हे समजू शकते. पण लोकांचा प्रत्येक पूर्वग्रह बुद्धीला पटणारा असतो असे नव्हे, आणि भिक्खुणींवरील काही बंधनांच्या बाबतीत आजच्या वाचकाचे समाधान होत नाही. तसेच या कथा जशाच्या तशा घडल्या असा आमचा दावा नाही. त्यांचे संकलन पुढील पिढ्यांनी केले. परंतु नियमाबरोबर त्याचे निमित्तही सांगितलेच पाहिजे, ही त्या संकलकांची धारणा होती. निमित्त सांगितले की नियम तपासता येतो, आणि तपासता आला की बदलताही येतो. चीवरक्खंधकात असे बदल किती झाले, ते वाचकांनी मोजून पाहावे. मनूच्या वस्त्रनियमाला असे निमित्तच नाही.

म्हणूनच तो दीर्घकाळ टिकला. 1928 सालच्या जानेवारीत इंदूर संस्थानातील कनारिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आदी गावांतील सवर्णांनी बलाई समाजावर काही अटी लादल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. बलाईंनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत किनारीची धोतरे नेसू नयेत, त्यांच्या स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने व नक्षीची वस्त्रे घालू नयेत. अटी मान्य नसतील तर गाव सोडावे. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे वृत्त सविस्तर नोंदवून ठेवले आहे. धोतराच्या किनारीने कोणाचे काय बिघडत होते? शास्त्राने घालून दिलेली ओळख पुसली जात होती, एवढेच.

या वृत्ताच्या काही दिवस आधी, 25 डिसेंबर 1927 रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण आम्ही दहनाइतकेच महत्त्वाचे मानतो. तुमची लुगडे नेसण्याची ढब आणि अंगभर घातलेले कथलाचे व चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दागिना घालावयाचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका; वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा; मुलींना शिकवा. भाषणानंतर लगेच स्त्रियांनी आपली नेसण्याची पद्धत बदलली. काही टीकाकार यास सवर्णांचे अनुकरण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ज्या खुणेवरून दुरून जात ओळखली जाते ती खूण काढून टाकणे हा एका कायद्याचा भंग होता. एका हाताने त्या कायद्याचे पुस्तक जळाले आणि दुसऱ्या हाताने त्याचे एक कलम लुगड्याच्या निऱ्यांतून निघाले.

बाबासाहेबांच्या कोट-पँटविषयीही असेच बोलले जाते. गांधीजींनी 1921 च्या सप्टेंबरमध्ये मदुराईस पंचा स्वीकारला, त्याची तुलना केली जाते. परंतु त्याग करण्यासाठी आधी काही असावे लागते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नीटनेटके वस्त्र नेसण्याची मनाई होती, त्यांच्या नेत्याने अर्धनग्न राहून कशाचा त्याग केला असता? तथागतांनी नग्न भिक्खूला दिलेला नकार येथे आठवतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट घालून दीक्षेस उभे राहिले आणि लाखो लोक शुभ्र वस्त्रांत आले. पालि ग्रंथांत गृहस्थ उपासकाला शुभ्रवस्त्रधारी म्हटलेले आढळते. म्हणजे त्या शुभ्रतेला प्राचीन आधार आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या समाजात पांढरे लुगडे म्हणजे वैधव्य असे मानले जाई, तेथे सधवा स्त्रिया त्या दिवशी निर्भयपणे पांढऱ्या साड्या नेसून आल्या. अपशकुनाची भीती एका दिवसात वस्त्राने मोडली. मात्र अलीकडे काही विहारांत पांढरे वस्त्र नाही म्हणून उपासिकेला मागच्या रांगेत बसविले जाते, कामावरून थेट आलेल्या मजुराकडे नाराजीने पाहिले जाते. पांढऱ्या साडीची सक्ती करणाऱ्यांनी तिचे निमित्त सांगावे. ‘प्रथा आहे’ हे निमित्त चीवरक्खंधकात कोठेही आलेले नाही.

वर्षावास संपला की आमच्याकडे चीवरदानाचे कार्यक्रम सुरू होतात आणि एकेका भिक्खूपुढे चीवरांचे ढीग साचतात. या संदर्भात चुल्लवग्गातील एक संवाद उपासकांनी वाचावा. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला 500 वस्त्रे दिली. राजा रागावून आला : श्रमण इतक्या वस्त्रांचे काय करणार, दुकान मांडणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरच्या बैठका. बैठकांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? झटकणी. आणि झटकणी जीर्ण झाली म्हणजे? ती फाडून, चिखलात तुडवून आम्ही जमीन लिंपू. राजाने ऐकून घेतले, आणि आणखी 500 वस्त्रे दिली.