रांजणाचे ऋण

वैशाखातल्या भर दुपारी नाणेघाट चढू नये, असे मला जाणत्या माणसांनी सांगितले होते. पण इतिहासाचे वेड नवे होते आणि वय विशीचे होते, मी चढलो. घाटमाथ्याच्या लेण्यापाशी पोहोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, जीभ टाळूला चिकटली होती. जवळच कातळात खोदलेले टाके होते. त्यातले पाणी ओंजळीने प्यालो, दोन ओंजळी डोक्यावर ओतल्या आणि सावलीत बसून राहिलो. पुढे आयुष्यात पुष्कळ पक्वान्ने खाल्ली. पण ‘सुख’ म्हटले की मला ती ओंजळच आठवते.

त्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. कोणते यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण किती वाटले, याची त्यात लांबलचक यादी आहे. तो वाचण्यासाठीच मी गेलो होतो. पण मनात घर करून राहिला तो घाटातल्याच एका टाक्यावरचा ओळभर मजकूर. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली ही पोढी, एवढेच तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. हा गोविंददास कोण, कशासाठी घाट चढला, याचा त्यात उल्लेख नाही. सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा, त्या काळचे भरभराटीचे बंदर. तेथून जुन्नर-पैठणकडे जाणाऱ्या वाटेवर हा घाट. या माणसाला इथे केव्हातरी तहान लागली असावी, असे माझे मन म्हणते. राणीच्या दानातला एकही हत्ती आज उरला नाही. टाके मात्र पावसाळ्यात अजून भरते.

नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व ‘प्रपा’ उभारल्याची नोंद आहे. आपल्या पाणपोईतली ‘पोई’ ती हीच प्रपा. राजवटी आल्या, गेल्या. तो शब्द उन्हातान्हातून चालत सुमारे एकोणीसशे वर्षांनी माझ्या आजीच्या ओट्यापर्यंत आला.

आजोळचे घर बाजाराच्या वाटेवर होते. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ देण्याची चाल आपल्याकडे आहे. आजीने त्याच दिवशी ओट्याच्या कडेला रांजण मांडावा आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो हलवू नये, असा घरचा नेम. रांजण अर्धा वाळूत पुरलेला, भोवती ओले गोणपाट, आत वाळ्याची पुरचुंडी. मातीतून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते आणि सुकता सुकता आतली उष्णता घेऊन जाते. हे शास्त्र मी मागाहून शिकलो. तेव्हा कळे ते इतकेच, की झाकण काढले की पहिल्या पावसासारखा वास येतो. दुपारी कैरीचे पन्हे, रात्री अंगणात टाकलेल्या बाजा, पहाटेचा मोगरा, आणि या सगळ्यांच्या मधोमध तो रांजण. आमचा उन्हाळा तेवढ्यावर श्रीमंत होता.

पण त्या ओट्याला आणखी एक वस्तू होती, आणि ती लिहिल्यावाचून हे स्मरण खरे होणार नाही. ती म्हणजे बांबूची पन्हळ. काही माणसे ओट्याला हात न लावता खाली उभी राहत; त्यांना वरून पन्हळीने पाणी घालायचे. राज्यघटनेने १९५० सालीच अस्पृश्यता मोडीत काढली होती. आमच्या ओट्यावर ती बातमी पोहोचायची होती. मी आठ वर्षांचा असताना एका म्हाताऱ्याला मी असे पाणी घातले. तो पोटभर प्याला, ओला हात तोंडावरून फिरवला आणि म्हणाला, “सुखी ऱ्हा, लेकरा.” मला तेव्हा मोठे पुण्य केल्यासारखे वाटले होते!

हालाच्या गाथासप्तशतीत पाणपोईवरचा एक गोड प्रसंग आहे. पाणी ओतणाऱ्या मुलीकडे पाहता यावे म्हणून वाटसरू ओंजळीची बोटे सैल सोडतो, आणि तीही धार बारीक करते. जवळ राहण्याचा क्षण लांबावा म्हणून बारीक झालेली ती धार. आणि अंतर राखले जावे म्हणून पन्हळीतून सोडलेली ही माझी धार!

जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. तरी महाडच्या चवदार तळ्याची ओंजळ घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे त्या दिवशी ते पाणी प्यायली. तो केवळ घशाच्या कोरडेचा प्रश्न नव्हता. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करून घेणारेही निघाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल आले. एका ओंजळीला दहा वर्षे!

म्हणून उन्हाळ्यातल्या साध्या सुखाबद्दल कृतज्ञ राहा, असे कोणी सांगितले की मी मान डोलावतो, पण मनात विचारतो, कृतज्ञ कोणाकोणाचे? कातळ खोदवून घेणाऱ्या गोविंददासाचा मी ऋणी आहेच, वाळा घालणाऱ्या आजीचाही आहे. पण त्या म्हाताऱ्याचे ऋण सर्वांत जड. पाणी आमचे होते, पन्हळही आमची होती, आणि आशीर्वाद तेवढा त्याने दिला.

आता माझ्या फाटकाबाहेर अक्षय्य तृतीयेला एक माठ बसतो. त्यावर एकच पेला असतो. दुपारी फाटकाशी पेल्याचा आवाज होतो. कोण प्याले हे पाहायला मी उठत नाही. संध्याकाळी माठ रिकामा झालेला असतो. तो घासून पुन्हा भरून ठेवावा, हे माझे उन्हाळ्यातले सुख.