"ग्रेड वाढू दे, मग तुम्हाला घेऊन येतो"

खोबर-दम्माम-जुबैलकडच्या मराठी नोकरदाराला विचारा, बायकोमुलांना कधी आणणार? उत्तर बहुतेक वेळा शीर्षकातलंच मिळेल. आपल्याला वाटतं ही आपल्या पिढीची अडचण. पण ती इथल्या तेलाइतकीच जुनी आहे.

1933 मध्ये अमेरिकन कंपनीशी करार झाला आणि 1938 मध्ये धाहरानला सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागलं. त्याआधीच, 1937 मध्ये, पहिल्या अमेरिकन बायका कॅम्पात पोचल्या होत्या. ऑक्टोबर 1940 मध्ये इटालियन विमानांनी धाहरानवर बॉम्ब टाकले, तेव्हा बायकामुलांना परत धाडलं. पुरुष मात्र कामावरच.

युद्धानंतर कुटुंबं परत आली, पण कोणाची? वरच्या श्रेणीतल्या अमेरिकनांना घर, हिरवळ, शाळा. सौदी कामगार वेगळ्या कॅम्पात एकटे, घरची माणसं गावी. मधल्या श्रेणीच्या कॅम्पात आपले भारतीय कारकून नि कारागीर, तेही एकटेच. म्हणजे घरचं जेवण कोणाच्या ताटात पडणार हे पगारपत्रकावरून ठरायचं! सौदी कामगारांसाठी 1951 मध्ये घरबांधणीच्या कर्जाची योजना आली, तरी 1953 मध्ये हजारोंनी संप केलाच.

याच अरामकोने माणसंही घडवली, हे मान्य करायला हवं. अली अल-नैमी 1947 मध्ये, बाराव्या वर्षी, ऑफिसबॉय म्हणून लागले. कंपनीच्या शाळेत शिकले, मग कंपनीच्याच खर्चाने अमेरिकेत भूगर्भशास्त्र शिकून आले आणि 1984 मध्ये पहिले सौदी अध्यक्ष झाले. पुढे 1995 ते 2016 तेलमंत्री. असा जिना आपल्याकडच्या कारखान्यांतही क्वचितच दिसतो.

आता त्याच आवारातली दुसरी बाजू बघा. परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची कंपनीची शाळा नववीपर्यंतच. पुढे मूल परदेशी बोर्डिंगात आणि सुट्टीत घरी. खर्च कंपनी द्यायची, पण पंधरा वर्षांचं पोर घरात नसणं कुठल्या भत्त्यात बसतं? ज्या पदामुळे कुटुंब आणता आलं, तेच पद सोडवत नाही म्हणून मूल लांब जायचं.

आपलंही वेगळं नाही. इथल्या भारतीय शाळा बारावीपर्यंत आहेत, पण प्रवेशपरीक्षांच्या धास्तीने बरीच मुलं दहावीलाच पुण्या-मुंबईकडे जातात आणि आई सोबत जाते. जुलै 2017 पासून तर आश्रितांवर शुल्क लागलं: माणशी महिना 100 रियाल, ते वाढत 2020 मध्ये 400. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला 14,400 रियाल. कित्येक घरांनी तेव्हाच बॅगा भरल्या. जो प्रमुख झाला होता तो मागे राहिला, शेअरिंगच्या खोलीत.

जे एकत्र राहिले, त्यांची वेगळी तऱ्हा. 2013 मध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. पण युरोपचा शुक्रवार कामाचाच. टीमचे प्रमुख झालात की फोन नेमका मुलांच्या सुट्टीदिवशी वाजतो. (रविवारी त्यांना सुट्टी, आपल्याला ऑफिस. म्हणजे दोन्हीकडून आपणच.)

तेव्हा पुढच्या बढतीचं पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: आश्रितांचं शुल्क कोण भरणार, शाळेची फी कितवीपर्यंत मिळणार, आणि शुक्रवारचे फोन कोण घेणार. पत्र घरी मोठ्याने वाचा. दहावीतल्या पोरालाही बसवा, कारण तारीख त्याचीच ठरते आहे.