तिसरा हात

मंडळी, आज एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या वस्तूबद्दल लिहितोय. सर्किट बोर्ड तपासताना हात मोकळे ठेवणारी टोचणी, म्हणजे हँड्स-फ्री प्रोब. नावावरून पळून जाऊ नका, यात विजेपेक्षा माणसाच्या हातांचीच गोष्ट जास्त आहे.

घरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. मल्टीमीटरला दोन वायरी असतात, एक लाल, एक काळी. दोन्हींच्या टोकाला एकेक टोचणी. दोन टोचण्या दोन हातांत धरल्या की माणूस संपला! आता आकडा लिहून कोण घेणार? बटण कोण दाबणार? आणि डोळे टोचणीवर ठेवायचे की मीटरवर? मान वळवली की टोचणी घसरते, शेजारच्या पायाला लागते आणि चांगला चालणारा भाग जळतो. रिपेअरिंगच्या दुकानांतून यावर जुना उपाय म्हणजे दुकानातला पोऱ्या. "धर रे जरा इथे." तिसरा हात तो पुरवायचा आणि धरता धरता धंदाही शिकायचा.

मल्टीमीटर तसा फार जुना नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी वेगवेगळी मीटरं बाळगून कंटाळला होता. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही मोजणारं एकच यंत्र त्याने बनवलं. १९२३ साली ते 'अ‍ॅव्हो' या नावाने बाजारात आलं. चिमटा मात्र त्याच्याही आधीचा. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या म्युलर कंपनीने १९०८ च्या सुमारास स्प्रिंगचा चिमटा विकायला सुरुवात केली. तोच आपला क्रोकोडाइल क्लिप, दातेरी जबड्याचा. पहिला खरा 'तिसरा हात' हाच.

हा चिमटा नुसत्या सोयीचा नव्हता, जीव वाचवणारा होता. व्हॉल्व्हच्या रेडिओत शेकडो व्होल्ट असत, आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वीस हजारांच्याही वर. एक हात चॅसिसला आणि दुसरा जिवंत तारेला लागला, तर प्रवाह छातीतून, म्हणजे थेट हृदयावरून जातो. म्हणून जुने कारागीर सांगत, सेट बंद असताना काळा चिमटा लावून टाक, मग एक हात खिशात घाल आणि एकाच हाताने मोज. खिशातला हात हा आळस नव्हे, शिस्त होती!

आता जरा वेगळीकडे वळतो. सुई स्प्रिंगने दाबून धरायची, या कल्पनेतूनच ट्रान्झिस्टर जन्मला. स्फटिकाला हलकेच टेकलेला धातू ही त्याआधीची पायरी. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरसाठी १९०१ साली अर्ज केला होता, ते अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख लावला, टोकाशी त्याला बारीक चीर दिली आणि स्प्रिंगने तो जर्मेनियमवर दाबून धरला. हाताने धरून हे कधीच जमलं नसतं, कारण हात थरथरतो.

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ.

१९६४ साली फेअरचाइल्डमध्ये झुरळासारखे दोन्ही बाजूंना पाय असलेली आयसी तयार झाली. दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर. तिच्यावर कपड्याच्या चिमट्यासारखा क्लिप बसायचा आणि सगळे पाय एकदम हाताशी यायचे. कारखान्यांनी त्याहून मोठी उडी मारली. एका पाटावर शेकडो स्प्रिंगच्या सुया उभ्या करायच्या आणि बोर्ड त्यांवर दाबायचा. इंग्रजीत याला खिळ्यांची गादी म्हणतात, आपल्याला शरपंजरी भीष्म आठवतात. एका सुईला दोनशे ग्रॅम दाब धरला तर हजार सुयांना दोनशे किलो झाले. म्हणून बोर्ड हाताने नव्हे, हवा शोषून खाली खेचावा लागे. पण ही गादी एकाच डिझाइनच्या बोर्डाला चालते. दिवसाला हजारो बोर्ड काढणाऱ्याला ती परवडते. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कारागिराला तिचा काय उपयोग?

ऐंशीच्या दशकात पाय आणखी जवळ आले, पुढे अर्ध्या मिलिमीटरवर. मग काही आयसींचे पाय पोटाखालीच गेले. टोचणी पोचणार तरी कुठे? यावर उपाय म्हणून तपासणीच आयसीच्या आत बसवली गेली. १९९० साली मान्य झालेलं जेटॅग हे मानक तेच करतं. चार तारांतून विचारा, आयसी स्वतःच्या पायांची हकिकत सांगते. उत्तम सोय! पण तिची भाषा कळायला कंपनीचे कागद लागतात, आणि ते कंपनी देईल तेव्हा.

इथे मला ही वस्तू महत्त्वाची वाटते. गेल्या काही वर्षांत साध्या हँड्स-फ्री टोचण्या आल्या. स्वीडनच्या सेन्सपीक कंपनीच्या टोचणीत खाली लोहचुंबकाचं बूड, वर वाकणारी दांडी आणि टोकाला बारीक सुई असते. स्टीलच्या पत्र्यावर ती ठेवायची, सुई उचलून हव्या त्या जागी सोडायची. दाब वजनाचा, हाताचा नाही. हौशी लोक घरीही बनवतात, मागे दोन पाय आणि पुढे सुई. तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तोच न्याय. पन्नाशीनंतर चष्मा लागलेला, हात किंचित कापणारा माणूसही यामुळे अर्ध्या मिलिमीटरवर काम करू शकतो.

वस्तू दुरुस्त करून वापरणं हा आपला जुना स्वभाव. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, ते बरंच झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी टोचणी त्या पायापर्यंत पोचायला हवी. कारखान्याला हजार सुया मिळाल्या, आयसीला स्वतःची जीभ मिळाली. एकट्या कारागिराला मात्र एवढा एकच जास्तीचा हात मिळालाय. तो पोऱ्यासारखा शिकत नाही, ही खंत आहेच. पण तो आहे म्हणून टेबलामागचा माणूस अजून म्हणू शकतो, "ठेवून जा, बघतो."

तुमच्यापैकी कुणी लहानपणी असा तिसरा हात झाला असाल, तर जरूर लिहा.