खेळण्यातली गाडी आणि 'खरं कशावरून?' हा प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या माणसाला खेळण्यातल्या गाड्यांशी काय करायचंय, असं काहींना वाटेल. पण 'ही वस्तू खरी कशावरून?' हा ताम्रपटाला विचारायचा प्रश्न इथेही तसाच आहे, आणि उत्तर चुकलं की खिशाला चाट बसते.

समजा, यवतमाळच्या एखाद्या भंगारवाल्याकडे बोटभर लांबीची धातूची गाडी मिळाली. रंग अनोळखी, तळाशी स्क्रू. विकणारा म्हणतो, ''प्रोटोटाइप आहे, एकच पीस!'' अशा वेळी आम्ही आधी काळ विचारतो. वेगळेपण उत्पादनाआधीचं असेल तर तो आद्य नमुना. उत्पादन चालू असतानाचं असेल तर कारखान्याची चूक. नंतरचं असेल तर ती कस्टम, म्हणजे कुणीतरी हौसेनं बदललेली. हौस वाईट नाही हो. तिला नमुना म्हणून विकणं वाईट.

नमुन्याच्या वेगळेपणाला कारण असतं. हॉट व्हील्स १९६८ मध्ये सोळा गाड्यांनी सुरू झाल्या. १९६९ च्या 'बीच बॉम्ब' या फोक्सवॅगन व्हॅनच्या पहिल्या नमुन्यांत सर्फिंगच्या फळ्या मागच्या काचेतून आत सरकवल्या होत्या. गाडी अरुंद आणि वरून जड. ट्रॅकवर वेग देणाऱ्या यंत्रातून ती नीट जाईना. मग अंग रुंद केलं, फळ्या दोन्ही बाजूंना घेतल्या. तो जुना नमुना म्हणजे सोडून दिलेल्या एका विचाराचा पुरावा आहे.

चुकीमागे हेतू नसतो. चाकांची जोडी चुकते, एखादा छाप राहून जातो. पण छाप मुद्दाम पुसलाही जातो. गाडी तिरप्या प्रकाशात धरा. घासलेल्या जागी खालच्या रंगाची चमक बहुधा मंदावलेली दिसते.

आता गाडी उलटी करा. अंगातून निघालेली धातूची खुंटी तळाच्या भोकातून बाहेर येते आणि तिचं टोक दाबून पसरवतात. तो रिव्हेट. गाडी उघडायची तर तो सहसा ड्रिलनं उडवावा लागतो. मग भोकाभोवती ओरखडे राहतात, कधी गोंद दिसतो, कधी नवा स्क्रू. स्क्रू नमुन्यातही सापडतो, पण तिथे खुंटी मुळात पसरवलेलीच नसते. म्हणून नुसत्या स्क्रूवरून काहीच ठरत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबईच्या ब्लो प्लास्टनं मॅटेलशी हातमिळवणी करून 'लिओ' या नावानं हॉट व्हील्स भारतात बनवल्या. त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे रंग परदेशातल्या त्याच गाड्यांहून वेगळे आहेत. परदेशी यादी हातात धरून बघणाऱ्याला त्यांत नमुना किंवा चूक दिसते. प्रत्यक्षात ती इथली नेहमीची गाडी!

शिवराईचंही तेच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्यानं अक्षरं कडेला कापली जात. आजच्या नाण्यात ही चूक ठरेल. हातानं पाडलेल्या शिवराईत ती रोजची गोष्ट आहे.

तेव्हा नेहमीचं काय होतं हे कळल्याशिवाय वेगळं काय, हे सांगता येत नाही. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली ते विचारा, खात्रीच्या गाडीशेजारी ठेवून पाहा, आणि घासूनपुसून चकचकीत करू नका. पुरावाच पुसला जातो. एवढं करूनही ठरलं नाही, तर 'ठरत नाही' म्हणा आणि पाकीट खिशातच राहू द्या.