मेदपचनाचा दोष : स्वादुपिंड की पित्ताशय?

सशाच्या आतड्यात पित्तनलिका आरंभीच उघडते, स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली. मेदयुक्त आहारानंतर दुधाळ झालेल्या रसवाहिन्या क्लोद बर्नार यांना या दुसऱ्या नलिकेच्या खालीच आढळल्या. १८४८ च्या सुमारास त्यांनी मेदपचनाचे श्रेय स्वादुपिंडरसाला दिले. निष्कर्ष अर्धाच होता. पुढे अल्बेर दास्त्र यांनी कुत्र्यामध्ये पित्ताचा मार्ग शस्त्रक्रियेने खाली वळविला, तेव्हा दुधाळपणा पित्तप्रवेशाच्या खालीच दिसला. मेदाचे विघटन स्वादुपिंडातील लायपेज करते. विघटित मेद शोषणयोग्य होतो तो पित्तक्षारांमुळे.

रोगनिदान याच भेदावर उभे आहे. तेलकट मलासोबत पाठीकडे जाणारी पोटदुखी वा मधुमेह असल्यास संशय स्वादुपिंडावर जातो. कावीळ, फिकट मल व गडद मूत्र असल्यास पित्तमार्गातील अडथळ्यावर. पित्ताशयावर मात्र नाहक ठपका येतो. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते केवळ साठविते. म्हणूनच ते काढल्यावरही मेद बहुधा पचतो.

१९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही त्याच वर्धा जिल्ह्यातील जामसारख्या गावी हा भेद प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरनेच ओळखावयाचा असतो. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग दोन्ही मार्ग एकाच वेळी रोधू शकतो, आणि तेथे वेदनारहित कावीळ साधी समजून गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.