प्रारंभक, डीझेल एंजिनाचा
डीझेल एंजिनास बाहेरून गती देऊन ते सुरू करणारी प्रयुक्ती. या एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळ घनफळाच्या सु. १/१५ ते १/२२ इतकी दाबली जाऊन तापते व तीत फवारलेले इंधन पेटते. एंजिन सावकाश फिरल्यास ही उष्णता सिलिंडराच्या भिंतींतून निघून जाते. त्यामुळे पेट्रोल एंजिनापेक्षा येथे अधिक समर्थ प्रारंभक लागतो.

इतिहास : रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. आरंभीची मोठी स्थिर एंजिने संपीडित हवेने सुरू करीत. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक या पेट्रोल मोटारगाडीत आला. तीत घटमालेचे ६ व्होल्टचे चार भाग प्रारंभकाळी एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब मिळवीत. नंतर ते अनेकसरीत जोडून भारित करीत. पुढे काही डीझेल मालमोटारींतही दिव्यांसाठी १२ व प्रारंभकासाठी २४ व्होल्ट अशी योजना रूढ झाली. समान शक्तीसाठी दाब दुप्पट केल्यास प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतील उष्णताव्यय चतुर्थांश होतो, हे यामागील तत्त्व होय.

महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुणे येथे १९४६ मध्ये स्थापन झाली. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहिरींवरील लहान एंजिने हँडलने सुरू करीत. झडप उचलून धरून हवेचा दाब सोडावयाचा, प्रचक्रास वेग येताच झडप मिटवावयाची, अशी ही रीत होती. हँडल उलटल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. ट्रॅक्टरांबरोबर १२ व्होल्टचा विद्युत् प्रारंभक शेतापर्यंत पोहोचला.

दक्षता : १२ व्होल्टच्या प्रारंभकास २४ व्होल्ट दिल्यास स्थिर स्थितीतील प्रवाह सु. दुप्पट व उष्णता सु. चौपट होते, गुंडाळ्या जळतात, दंतचक्राचे दाते तुटतात. दिवे व जनित्र यांची मंडले वेगळी नसल्यास तीही निकामी होतात. बीडचा हिवाळा सौम्य असल्याने तेथे एंजिन सुरू न होण्याचे कारण बहुधा दुर्बल घटमाला, गंजलेली अग्रे किंवा झिजलेली दट्ट्याची कडी हे असते. दाब वाढविल्याने यांतील कोणताच दोष दूर होत नाही.